नऊ जणी, पाच रात्री आणि गुडघाभर पाणी

पत्र थोडक्यात असं आहे. वय ५४, राहणं मुलुंडला, नोकरी फोर्टातल्या एका ऑफिसात. सकाळच्या ठाणे-सीएसएमटी स्लोच्या लेडीज डब्यात नऊ जणींचा जुना ग्रुप आहे. चार वर्षं प्रत्येकीने महिन्याला दीड हजार बाजूला टाकले, आता माणशी ७२ हजार जमलेत. जायचं ठरलंय थायलंडमधल्या फुकेतला, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तेव्हा नातवंडं गावी असतात, रजा मिळते आणि तिकिटं स्वस्त दिसतात. एजंटने पाच रात्रींचं पॅकेज दिलंय, त्यात चौदा 'पॉइंट' आहेत. ग्रुपमध्ये एकीचे गुडघे दुखतात, एक कांदा-लसूणही खात नाही, एकीचे मिस्टर म्हणतात "बायका एकट्या कशा जाणार?" आणि पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या सासूबाई म्हणतात, "एवढ्या पैशात चारधाम झालं असतं." प्रश्न तीन आहेत: पॅकेज घ्यावं की आपलं आपण करावं, मे चालेल का, आणि सगळं ठरवायचं माझ्या गळ्यात पडलंय, कुणी नाराज झालं तर?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ताज्या कलमापाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, "जन्म मुंबईतला, माहेर दादरचं, चौपाटी पाच मिनिटांवर. पण गुडघ्याच्या वर पाण्यात मी कधीच गेले नाही. हसू नका."

हसले नाही. मीही चाळिशी उलटेपर्यंत तशीच होते. मुंबईच्या बाईचा समुद्र कठड्यावरून बघायचा असतो. भेळ खायची, साडीचा काठ सांभाळत पावलं भिजवायची, वाळू झटकून चपला घालायच्या. विसर्जनालासुद्धा पाण्यात उतरतात ते बाप्ये, आपण किनाऱ्यावर आरतीचं ताट धरून उभ्या. आणि खरं सांगायचं तर दादर-जुहूचं पाणी पाहून आत जावंसं वाटतही नाही. त्यामुळे ते ताजं कलम मला तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा मोठं वाटतं. आता एजंटची यादी त्याच्या शेजारी ठेवून बघा. चौदा पॉइंट आहेत. बेटं आहेत, देवळं आहेत, वाघ आहेत, हत्ती आहेत, रात्रीचा शो आहे. निवांत पाण्यात उतरायला त्यात एकही सकाळ मोकळी नाही.

तुम्ही धरून चालला आहात की एवढे पैसे घातले म्हणजे सगळं बघून यायलाच हवं. हा हिशोब आपल्या अंगवळणी पडलाय, अष्टविनायक दोन दिवसांत उरकणारी माणसं आपण. पण फुकेतला लोक जातात ते पाण्यासाठी. तिथे रोज सकाळी साडेसातला बसमध्ये बसायचं असेल तर आठ-बावीसची लोकल काय वाईट होती?

आता मे महिना. इथे मी स्पष्टच बोलते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. फुकेत अंदमान समुद्रावर आहे आणि त्या किनाऱ्यावर आपलाच नैऋत्य मोसमी वारा आदळतो. आपल्याकडे तो जूनमध्ये पोचतो, तिथे मेमध्येच. मग ऑक्टोबरपर्यंत पश्चिमेकडचे सगळे किनारे, पातोंग, कारोन, काता, खवळलेले असतात. आपले कोळी पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघतात ना, तसाच हा काळ. तिकीट स्वस्त दिसतं ते त्यामुळेच. रोज दिवसभर पाऊस पडतो असं नाही, मधूनच छान ऊन पडतं. अडचण पावसाची नाही, लाटांची आहे.

मी बहिणीच्या कुटुंबाबरोबर एका जुलैत गेले होते. पहिल्या सकाळी चपला हातात घेऊन वाळूत उतरले तर समोर लाल बावटा. (गिरणगावातला नव्हे.) लाल बावटा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. मी म्हटलं पावलं तरी भिजवू, तर जीवरक्षकाने अशी शिट्टी मारली की शेजारचं कुत्रंसुद्धा मागे सरलं. दोन दिवस बोटी बंद. मग आमच्या टूरवाल्याने 'पर्याय' म्हणून आम्हाला रत्नांच्या शोरूमला नेलं आणि दुसऱ्या दिवशी काजूच्या दुकानात. आमचं आजोळ मालवणचं. थायलंडला जाऊन आम्ही काजूगर बघत होतो.

हे गमतीने सांगतेय, पण लाटांची गंमत नसते. २०१८च्या जुलैत फुकेतजवळ पर्यटकांची एक मोठी बोट वादळात सापडून बुडाली, ४७ जण गेले. शिवाय किनाऱ्यालगत माणसाला आत ओढणारे प्रवाह असतात. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच, आणि ते जिथून जातं तो पट्टा वरून शांत दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. असं कधी झालं तर प्रवाहाशी झगडायचं नाही. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, आणि पोहता येत असेल तर सरळ किनाऱ्याकडे न येता किनाऱ्याला समांतर जायचं. हे नऊही जणींना तोंडपाठ असू द्या, कुठल्याही महिन्यात. जिथे लाल-पिवळे बावटे रोवलेले असतील, त्यांच्या मधल्या भागातच उतरायचं. तिथे जीवरक्षकाचं लक्ष असतं.

म्हणून माझं मत: मे सोडा. नोव्हेंबर ते एप्रिल तिथला समुद्र आपल्यासारख्यांना घ्यायला तयार असतो. त्यातही नाताळ-नववर्षाच्या आठवड्यांत भाव डोक्याच्या वर जातात, आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊन चटके देतं. मला तुमच्यासाठी फेब्रुवारी दिसतो. रथसप्तमीपर्यंत तशाही तुम्ही हळदीकुंकवांत अडकलेल्या असणार. ते संपलं की मार्चएंडच्या आधी निघायचं. फक्त त्या वर्षी चिनी नववर्ष कधी येतंय ते बघून घ्या, त्या दिवसांत हॉटेलं भरलेली असतात. तिकीट थोडं महाग पडेल. ते स्वस्त तिकीट काढून खिडकीतून पाऊस बघायचा असेल तर तो मुलुंडला फुकट दिसतो.

मेशिवाय जमणारच नसेल, तर दोन वाटा आहेत. एक, थायलंडच्या दुसऱ्या अंगाला, आखातात, कोह सामुई नावाचं बेट आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो, त्यामुळे मे तिथे बराच बरा. जाणं-येणं मात्र लांबतं, मध्ये विमान बदलावं लागतं. दुसरी, फुकेतलाच जायचं पण समुद्राची आशा सोडून: पोहायचा चांगला तलाव असलेलं हॉटेल, जुनं गाव, स्वयंपाकाचा एखादा वर्ग, मालिश. तेही सुख आहे, फक्त ते आधी ठरवून घ्यावं.

पॅकेज की आपलं आपण, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण 'पॅकेज' हा शब्दच फसवा आहे. विमान, हॉटेल आणि विमानतळावरून ने-आण एवढं एजंटकडून घेतलंत तर काही बिघडत नाही. नऊ जणींच्या तिकिटांचा व्याप त्याने सांभाळला तर उलट तुमचं डोकं शांत. चौदा पॉइंटमधले बारा कापायला सांगा. तो म्हणेल, "मॅडम, रेट तोच राहील." मग दुसरा एजंट बघा. लेखी विचारायच्या गोष्टी अशा: हॉटेलच्या नावापुढे 'किंवा तत्सम' लिहिलंय का, बोट रद्द झाली तर पैसे परत की काजूचं दुकान, आणि टीसीएस वेगळा दाखवलाय का. हा कर परदेशी टूरच्या पैशांवर कापला जातो आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तुमच्या नावावर जमा दिसतो, म्हणून पावती ज्या-त्या बाईच्या पॅनवर हवी. सगळ्यांचे पैसे तुमच्या एकटीच्या खात्यातून गेले तर पुढच्या जुलैत रिटर्न भरताना सीएच्या समोर तुम्ही एकट्याच बसाल.

तिकिटं स्वतः काढणार असाल तर एक युक्ती सांगते. नऊ सीट एकदम शोधल्या की बऱ्याचदा सगळ्या नऊ महाग दराने दिसतात, कारण स्वस्त दराच्या चारच उरलेल्या असतात. आधी दोन-दोन शोधून बघा. मुंबईहून फुकेतला थेट विमानं आहेत, पाच तासांच्या आत-बाहेर प्रवास, आणि घड्याळ दीड तास पुढे. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा, कुणाच्या भाचीच्या अनुभवावर जाऊ नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. २०२५च्या मेपासून थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन आगमन-पत्र भरावं लागतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती खोटी, बंद करा.

राहायचं कुठे? एजंट पातोंग म्हणेल. तिथे भारतीय जेवण पावलोपावली मिळतं, रात्रभर दिवे आणि गाणी. बारा वाजता आईस्क्रीम खात हिंडायची हौस असेल तर जरूर. पण मला तुमच्यासाठी काता आवडेल. अर्धचंद्रासारखा किनारा, गर्दी कमी, नोव्हेंबर ते एप्रिल पाणी संथ. काताला चढ-उतार मात्र फार. 'सी व्ह्यू' म्हणून मिरवणारी बरीच हॉटेलं टेकडीवर आहेत आणि खोलीपर्यंत साठ-सत्तर पायऱ्या असू शकतात. गुडघेवाल्या मैत्रिणीसाठी हॉटेलला ईमेल करून तीनच गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, किनाऱ्यापर्यंत रस्ता सपाट आहे का, आणि न्हाणीघरात टब ओलांडून आत जावं लागतं का. हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि पडतात सगळ्या तिथेच. खोल्या तीन-तीनच्या घेणार असाल तर तिसरी खाट ही बहुतेकदा घडीची गादी असते. ती कुणाच्या वाट्याला आणि घोरतं कोण, हा वाद ठाणे स्लोमध्येच मिटवा.

बेटांच्या सफरी पाच दिवसांत दोन पुरे. एक फांग-ङा उपसागराची. तिथे पाण्यातून चुनखडीचे उभे सुळके वर आलेत, जेम्स बाँड बेट म्हणून जे दाखवतात ते तिथेच, आणि खांबांवर वसलेलं कोह पान्यी नावाचं मुसलमान कोळ्यांचं गावही. हा भाग फुकेतच्या पूर्वेला, आडोशाला असल्याने पाणी शांत असतं. स्पीडबोट नको, मोठी बोट घ्या. स्पीडबोट लाटांवर आपटते तेव्हा प्रत्येक आपटीला माकडहाडाची आठवण येते. दुसरी सफर फी फी बेटांची. तिथली माया बे नावाची प्रसिद्ध खाडी २०१८मध्ये बंद केली होती, पर्यटकांनी प्रवाळाची पार वाट लावली म्हणून. २०२२च्या जानेवारीत उघडली, पण तिथे आता पोहू देत नाहीत, पोटरीभर पाण्यात उभं राहायचं आणि फोटो काढायचा. म्हणजे तुमच्यासाठी पुन्हा गुडघाभर पाणीच! तेव्हा हिच्यावर एक अख्खा दिवस घालवायचा की नाही, ते ग्रुपने ठरवावं. मी नसता घालवला. वाघाबरोबर फोटो आणि हत्तीवर स्वारी हे दोन्ही सरळ कापा, त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत.

उरलेल्या एका संध्याकाळी जुनं फुकेत गाव बघा. कथिलाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या चिनी व्यापाऱ्यांची रंगीत, कमानीदार घरं आहेत. रविवार साधलात तर थलांग रस्त्यावर संध्याकाळचा बाजार भरतो. वाट चलोंग हे तिथलं मोठं देऊळ, खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

कांदा-लसूण न खाणाऱ्या मैत्रिणीला सांगा, तिची सोय तुम्हा बाकीच्यांपेक्षा चांगली होऊ शकते. पिवळ्या पाटीवर लाल रंगात 'เจ' अशी खूण दिसली, उच्चार 'जे', की तिथे मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं आणि लसूण-कांदाही नसतो. हा चिनी-थाई उपासाचा प्रकार आहे. ती खूण फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. नुसतं 'व्हेज' म्हणून चालत नाही, कारण भाजीत नाम प्ला पडतो, म्हणजे माशाचा खारट रस, आणि तो त्यांच्या लेखी मीठच. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. फक्त पहिल्याच दिवशी "आपल्या सुरमईची सर नाही" म्हणून जाहीर करू नका, ते सहाव्या दिवशी विमानात म्हणा.

साखर-बीपी असेल तर प्रवासविम्याच्या अर्जात ते लिहाच. लपवलं तर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं. किनाऱ्यावर जेट-स्की भाड्याने घेऊ नका. परत केल्यावर जुन्या ओरखड्याचे पैसे मागण्याचा धंदा तिथे जुना आहे. घ्यायचीच तर आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, आणि पासपोर्ट कुणाकडेही तारण ठेवू नका. टुकटुक, म्हणजे तिथल्या भाड्याच्या छोट्या गाड्या, नऊ जणींना परवडणार नाहीत, दिवसाची मोठी व्हॅन बांधा.

आता माणसांचं. मिस्टरांना विचारायला सांगा की नऊ बायका 'एकट्या' कशा होतात? गणित कच्चं आहे. त्यांना खरी भीती असेल ती फोन न लागण्याची, आजारपणाची. तेव्हा हॉटेलचा पत्ता, विम्याचा कागद आणि रोज रात्रीचा एक मेसेज एवढं दिलं की बरेचसे मिस्टर निवतात. न निवणाऱ्यांसाठी माझ्याकडे उपाय नाही. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना चारधाम करायचं राहून गेलंय का, हे एकदा विचारा. बऱ्याचदा "एवढ्यात अमुक झालं असतं" म्हणणाऱ्याच्या मनात त्याचंच काही अडलेलं असतं. असेल तर त्याची तजवीज वेगळी करा, पण तुमच्या ७२ हजारांतून नाही. ते दीड-दीड हजार करून तुम्ही डब्यात उभं राहून जमवलेत.

आणि तुमच्या गळ्यात पडलेलं ओझं. तुम्ही सगळ्यांना विचारून सगळ्यांचं मन राखायला निघाला आहात, म्हणूनच यादी चौदावर गेली. येत्या सोमवारी डब्यात आठ चिठ्ठ्या वाटा. प्रत्येकीने एकच ओळ लिहायची: परत आल्यावर माझी कुठली एक गोष्ट झालेली असली पाहिजे? नाव लिहायचं, दुसरीला दाखवायचं नाही. कुणी मालिश लिहील, कुणी खरेदी, कुणी "दुपारी झोपायचंय". नवल वाटेल, पण ही शेवटची चिठ्ठी दोन-तीन जणींची निघेल. नववी चिठ्ठी तुमची. मग त्या नऊ ओळींचं वेळापत्रक करा आणि बाकी दिवस मोकळा सोडा. सगळ्यांनी एकत्र असायचं ते रात्रीच्या जेवणाला. पैशांची वही दुसरीकडे द्या, जी डब्यात सुट्ट्या पैशांवरून भांडते तिच्याकडे. ठरवणारी आणि हिशोब ठेवणारी एकच असली की शेवटच्या दिवशी रडू येतं, हे मी पाहिलंय.

तुमच्या चिठ्ठीवर काय येणार ते मला माहीत आहे. फेब्रुवारीला अवकाश आहे, तोवर कालिदास नाट्यगृहाजवळच्या पालिकेच्या तलावावर जाऊन महिलांच्या बॅचची चौकशी करा. पोहता आलं नाही तरी चालेल. तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं आणि उताणं तरंगणं एवढंच शिका. पोशाखाचं तुम्ही संकोचून विचारलंय: लांब बाह्यांचा, पायघोळ स्विमसूट सर्रास मिळतो, तुमच्या वयाच्या बायका तोच घालतात. पंजाबी ड्रेस घालून मात्र उतरू नका. सुती कापड पाणी पिऊन दोन किलोचं होतं, आणि ओढणी पायात अडकते.

मी दुसऱ्यांदा गेले ती फेब्रुवारीतच. काताला सकाळी आठला पाणी कोमट होतं, अंघोळीला काढून विसरलेल्या बादलीसारखं. कमरेपर्यंत गेले, मग खांद्यांपर्यंत, मग बहिणीने मानेखाली हात धरला आणि मी पाय सोडले. कान पाण्याखाली गेल्यावर किनाऱ्यावरची सगळी बडबड बंद झाली, नुसता स्वतःचा श्वास ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

फक्त चष्मा किंवा गॉगल डोक्यावर सरकवून पाण्यात जाऊ नका. माझा अजून तिथेच आहे.